गोष्ट मध्येच थांबवून गाणारी माणसं: आफ्रिकेतल्या प्रेमाच्या लोककथा समोर बसून ऐकताना

अबोली_टेमा

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षांपासून घानात, टेमा बंदराजवळ राहतो. गेल्या महिन्यात शेजारणीबरोबर तिच्या माहेरी जाऊन आले. आक्रा ते केप कोस्ट रस्त्यावरून थोडं आत, फांटी लोकांचं गाव. तिथे एका रात्री जे ऐकलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

संध्याकाळीच वीज गेली. इथे त्याला ‘दुमसोर’ म्हणतात, म्हणजे बंद-चालू. जेवणं झाली होती (केळीच्या पानात बांधलेली केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उंडा, सोबत तळलेला मासा आणि शिटो नावाची काळी झणझणीत चटणी). जनरेटर होता, पण कोणी लावला नाही. शेजारणीची मावशी अंगणात स्टुलावर येऊन बसली आणि पोरं न बोलावता गोळा झाली. मावशी साठी ओलांडलेली. दिवसभर भट्टीवर मासे धुरावते, त्यामुळे लुगड्याला, हातांना, केसांनासुद्धा धुराचा वास. ती मोठ्यांदा म्हणाली, “गोष्ट काही खरी मानायची नसते!” आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे एका आवाजात, “जपून ठेवायची असते!” शेजारीण माझ्या कानाशी लागून इंग्रजीत सांगत होती, पण एवढं वाक्य तिने दोनदा सांगितलं.

गोष्ट अशी. गावातली सगळ्यात देखणी मुलगी. तिला शेतकरी मागणी घालतो, कोळी घालतो, ताडामाडावर चढून माडी काढणारा घालतो. ती सगळ्यांना नाही म्हणते. मावशी प्रत्येकासाठी उठून चालून दाखवत होती. माडीवाल्याची चाल दाखवताना कमरेला दोर असल्यासारखी मागे रेलली तेव्हा अंगण हसून लोळलं. मग बाजारात एक परका येतो. अंगावर एक ओरखडा नाही, एक व्रण नाही. मुलगी त्याच दिवशी त्याच्याबरोबर निघते. तीन नद्या ओलांडतात. प्रत्येक नदीपाशी ती मागे वळून एक ओळ गाते आणि ती ओळ आम्ही सगळ्यांनी म्हणायची. तिसऱ्या नदीनंतर घर. रात्री ती झोपेत नवऱ्याच्या पाठीवर हात टाकते, आणि पाठ गार लागते.

इथे मावशीने आवाज इतका खाली आणला की मागच्यांनी माना पुढे काढल्या. तिचा हात हवेत तसाच थांबलेला. तेवढ्यात कोपऱ्यातून एक काका उभे राहिले आणि म्हणाले, “थांब. मी तिथेच होतो!” आणि गायला लागले. मावशीने हात खाली घेतला, स्टुलावर बसली, पाणी प्यायली. काकांचं गाणं पाच-सहा मिनिटं चाललं. टाळ्या, एका पोराने उलटी घमेली बडवायला घेतली, दोन बायका उठून नाचल्या. गाण्याचा अर्थ साधा होता: नदी, मला ओळखतेस ना, मग माझ्या आईला सांग. नाचणाऱ्यांतल्या एकीच्या गालावर पाणी होतं, मी जवळून पाहिलं. गाणं संपलं तशी मावशी उठली, हात परत त्याच जागी हवेत धरला आणि म्हणाली, “तर, पाठ गार लागली.”

नवरा अजगर होता. तिला सोडवतो तो माडीवालाच, कारण उंच माडावरून त्याला तिसऱ्या नदीपलीकडचं दिसतं आणि तिची ओळ त्याच्या कानावर पडते.

या मधल्या गाण्याला इथे ‘म्मोग्वो’ म्हणतात. ते सांगणाऱ्याचं नसतं, ऐकणाऱ्याचं असतं. ऐकणाऱ्यातला कोणीही गोष्ट अडवू शकतो. मी नंतर मावशीला विचारलं, कोणी अडवलंच नसतं तर? ती म्हणाली, “मग मी हात तसाच धरून बसले असते. एवढं एकटीने कशाला सांगू?”

मला वाटतं या लोककथांतलं प्रेम छापील पानावर दिसतच नाही ते यामुळे. पानावर मुलगी मूर्ख ठरते आणि तिला शिक्षा होते. अंगणात मात्र तिच्या भीतीच्या क्षणी अख्खं गाव तिच्या बाजूने गायला उभं राहतं.

तुमच्यापैकी कोणी आफ्रिकेत कुठे असं ऐकलंय का? लिहा.

माणदेशी_पाऊल

अबोलीताई, वाचताना अंगावर काटा आला. “मी तिथेच होतो” हे फार आवडलं. आमच्याकडे गोंधळात नाईक कथा लावतो आणि साथीदार मध्ये प्रश्न विचारून, उलटसुलट बोलून ती फुलवतो. पण साथीदार त्यांच्यातलाच. समोर बसलेल्याने उठून कथा ताब्यात घ्यायची, हे मी कुठे पाहिलेलं नाही. आपण फार तर “उदे गं अंबे उदे” म्हणतो.

माझी आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची. “हं” म्हटलं नाही की गप्प व्हायची. मी मुद्दाम गप्प राहिलो तर म्हणायची, “गोष्ट झोपली बघ तुझी.” मावशींचं उत्तर वाचून तीच आठवली.

कुसुमावती

सुंदर लिहिलंय. एक शंका प्रामाणिकपणे विचारते. या प्रेमाच्या कथा म्हणायच्या का? मी वाचलेल्या बहुतेक आफ्रिकन लोककथा लग्नाच्या आहेत. वधूमूल्य, सासर, आज्ञा न पाळणारी मुलगी. “अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको” ही तर आईबापांची धमकीच झाली. यात प्रेम नेमकं कुठे आहे?

अबोली_टेमा

कुसुमावती, प्रश्न रास्त आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. इथल्या गोष्टींत “माझं तुझ्यावर प्रेम आहे” असं कोणी म्हणत नाही. प्रेम कोणी काय केलं यावरून ओळखायचं.

इथल्या सगळ्या गोष्टी ज्याच्या नावाने ओळखल्या जातात त्या अनान्सीचंच बघा. तो कोळी, म्हणजे जाळं विणणारा. अकान लोक (फांटी त्यांच्यातलेच) गोष्टींना ‘अनान्सेसेम’ म्हणतात. पूर्वी सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे होत्या. त्याने किंमत सांगितली: अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि म्मोआतिया ही वनपरी जिवंत आणून दे. अनान्सी घरी येतो आणि बायकोला विचारतो. तिचं नाव आसो. अजगराला फांदीशी लांबी मोजायच्या निमित्ताने बांध, गांधीलमाश्यांवर पाणी ओतून पाऊस आल्याचं भासव आणि त्यांना भोपळ्यात शिरू दे, या युक्त्या आसोच्या. रॅट्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३० साली अकान-अशांती कथांचा मोठा संग्रह छापला, त्यातही आसोचा सल्ला आहे. जगात गोष्टी आल्या त्या एका जोडप्याने रात्री बसून ठरवल्यामुळे. मला ही प्रेमकथाच वाटते. पण मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत आसो बहुतेक वेळा गळून जाते आणि एकटा अनान्सी हुशार ठरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण रंगभूमीचं. एफुआ सदरलँड (१९२४–१९९६) या घानाच्या नाटककार. त्यांनी अनान्सेसेमवरून नाटकाचा एक प्रकार उभा केला आणि त्याला ‘अनान्सेगोरो’ नाव दिलं. १९७५ साली छापलेलं ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. कंगाल झालेला अनान्से (आपला अनान्सीच) मुलीकडूनच टाइपरायटरवर चार राजांना पत्रं लिहून घेतो, चौघांकडून भेटी उकळतो. मग चौघेही मागणी पक्की करायला एकदमच निघतात. सुटका म्हणून तो मुलगी मेल्याचं सोंग करतो. आता चारही राजांचे दूत शोक करायला येतात आणि कोणाचं प्रेम किती ते तिथे कळतं, कारण मेलेल्या मुलीकडून आता काही मिळायचं नाही. खरं प्रेम करणारा ठरतो तो तिच्या अंत्यविधीचा सगळा भार नवऱ्यासारखा उचलायला तयार होतो. मग “त्याच्या प्रेमाने” मुलगी उठून बसते. नाटकात नट रंगमंचावरच श्रोते म्हणून बसलेले असतात आणि मध्येमध्ये म्मोग्वो गातात.

सदरलँडबाईंनी हे नुसतं शहरात बसून केलं नाही. एकुम्फी आत्विया या गावात १९६०च्या दशकात गावकऱ्यांबरोबर गोष्टींसाठी एक घर बांधलं. नाव ‘कोद्झिदान’. कोद्झी म्हणजे गोष्ट, दान म्हणजे घर. गोष्टीला स्वतःचं घर असावं, हा विचारच केवढा मोठा आहे.

नाताळकर

मी दक्षिण आफ्रिकेत दरबानला असतो (क्वाझुलू-नाताळ). इथे झुलू आजी गोष्ट सुरू करताना “क्वासुका सुकेला” म्हणते आणि ऐकणारे “चोसी!” म्हणतात. त्यातला ‘च’ आपला नाही. जीभ दातांना लावून चुकचुकल्यासारखा आवाज काढायचा. माझ्या मुलीला आठवड्यात जमला, मला अजून नाही.

कुसुमावती यांच्या प्रश्नावर: खोसा लोकांची पाच डोक्यांच्या नागाची गोष्ट बघा. १८८०च्या दशकातल्या थीलच्या संग्रहात छापलेली आहे. दोन बहिणी, म्पुन्झिकाझी आणि म्पुन्झान्याना. मोठी एकटीच ऐटीत लग्नाला निघते, वाटेत उंदीर रस्ता दाखवतो म्हणतो त्याला हाकलते, म्हातारीचं ऐकत नाही. नवऱ्याच्या घरी धान्य जाडंभरडं दळते. सोसाट्याचा वारा सुटतो, पाच डोक्यांचा नाग येतो आणि ती जीव गमावते. धाकटी वऱ्हाड घेऊन निघते, सगळ्यांचं ऐकते, धान्य बारीक दळते. वारा सुटतो, झोपडीचे खांब पडतात, ती जागची हलत नाही. नागापुढे भाकरी ठेवते. नागाचा माणूस होतो.

मी ही जिच्याकडून ऐकली ती बाई दळण्याचा प्रसंग संपवतच नव्हती. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दगड पुढेमागे. पहिल्या बहिणीच्या वेळी चार फेऱ्यांत आटपलं. दुसरीच्या वेळी किती तरी वेळ ती दळतच होती, दळता दळता गात होती, आणि आम्ही तिच्याबरोबर. पुस्तकात याला एक ओळ आहे. पाहताना मात्र कळत होतं की ज्याला अजून बघितलेलं नाही त्याच्यासाठी ही मुलगी एवढं बारीक दळते आहे. मला तिथे जात्यावरच्या ओव्या आठवल्या, खोटं कशाला बोलू.

अबोली_टेमा

नाताळकर, वा! मी विचारलं होतं त्याचं उत्तर तुम्ही दिलंत. प्रेम दळण्याच्या लांबीत आहे.

लेगोसची_सून

मी नायजेरियात लेगोसला सहा वर्षं काढली. योरुबा लोकांत दोन प्रकार वेगळे मानतात. ‘आलो आपामो’ म्हणजे कोडी आणि ‘आलो आपाग्बे’ म्हणजे गोष्टी. दुसऱ्या नावातच समूहाने गाणं धरण्याचा अर्थ आहे. म्हणजे साथीचं गाणं गोष्टीच्या नावातच आलं!

तुमच्या अजगरासारखी तिकडची भाड्याच्या शरीराची गोष्ट. देखणा पुरुष बाजारात येतो, मुलगी मागे जाते, आणि वाटेत तो एकेक अवयव मालकाला परत करत जातो. पाय, हात, अंग. शेवटी नुसती कवटी. प्रत्येक अवयवानंतर तेच गाणं, दर वेळी जरा हळू. शेवटी तर ओठ हलत होते फक्त.

कालाबारच्या एफिक लोकांचं रूप मला जास्त आवडतं. डेरेल यांनी १९१० साली छापलंय. त्यात कवटीची म्हातारी आई आहे, काही काम न होणारी, जेमतेम सरपटत फिरणारी. मुलगी तिची सेवा करते. म्हातारीला माया लागते, ती मुलीला घरी पाठवायला वाऱ्याला बोलावते. आधी वादळ येतं, त्याला परत पाठवते, हा फार दांडगा. मग मंद झुळूक येते, तिच्या स्वाधीन करते. अख्ख्या गोष्टीत नवऱ्याचं प्रेम नाही, पण त्या झुळुकीत आहे. सांगणाऱ्या बाईने ओंजळीत फुंकर घालून ती दाखवली होती. लहान मुलाच्या डोळ्यात कचरा गेल्यावर घालतात तेवढीच हलकी.

दर्यावर्दी

थोडं बाजूला जातोय, पण मुंबईचा खरा संबंध आहे म्हणून. किसुआहिलीत (पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भाषा) गोष्ट “पाउक्वा!” म्हणून सुरू होते आणि उत्तर “पाकावा!” झांझिबारच्या सिती बिंती सादबाई गरीब कुंभार घरातल्या. मडकी विकताना गायच्या, त्या आवाजावरून पुढे तआरब गायिका झाल्या. तआरब हे किनाऱ्यावरचं गाणं, प्रेम हा त्याचा मोठा विषय. १९२८ साली ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या तबकड्या मुद्रित केल्या त्या मुंबईत! किसुआहिली गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्या त्याच. झांझिबारहून जहाजाने येऊन गायल्या. मी मुंबईतच वाढलो आणि हे मला मोंबासाला एका दुकानदाराने सांगितलं.

ओंजळ

ताई, मी ठाण्याला मुलांचं वाचनालय चालवते. हे सगळं वाचून आमच्या सोसायटीत अशी एक गोष्ट करून बघावीशी वाटते. पण धास्ती आहे. मागे एका शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आफ्रिकन नृत्य’ म्हणून मुलांची तोंडं काळी रंगवली, कमरेला पानं बांधली आणि ‘झिंगालाला’ लावलं. माझी पुतणी त्यात होती. मी तिथे उठून काही बोलले नाही, याची टोचणी अजून आहे. असं काही आपल्या हातून व्हायला नको. आणि दुसरं, तुम्ही रेकॉर्डिंग केलंत का? मिळालं तर बरं होईल.

अबोली_टेमा

ओंजळ, रेकॉर्डिंग केलं नाही. मी फोन काढला होता. मावशी रागावली नाही, पण म्हणाली, “हातात ते धरलंस तर टाळ्या कशाने वाजवशील?” मी ठेवून दिला.

करण्याबद्दल मनापासून सांगते. वेष नको, रंग नको, ढोल नसला तरी चालेल. इथे कोणीही घरच्या कपड्यांतच सांगतं. गोष्ट घानाची आहे की झुलूंची, ते नावानिशी सांगा, नुसतं ‘आफ्रिकेतली’ नको. पन्नासच्या वर देशांचा खंड आहे तो. धृवपदाची ओळ मराठी करा, तीन-चार शब्दांची, पोरांना दुसऱ्यांदा म्हणता येईल अशी. आणि गोष्टीत रिकामी जागा ठेवा. हात हवेत धरून खरंच थांबा, कोणी उठेपर्यंत.

वाईट कसं होतं तेही पाहिलंय. एका मोठ्या शहरात, मोठ्या सभागृहात एका फार चांगल्या कथेकरी बाईंना बोलावलं होतं. प्रेक्षकांत अंधार, त्यांच्यावर झोत, आणि वीस मिनिटांत बसवायचं म्हणून गाणी गाळायला सांगितली होती. त्या “थांब” ऐकू येईल म्हणून वाट पाहत होत्या, मला दिसत होतं. आम्ही चारशे माणसं शिष्टाचार म्हणून गप्प बसलो होतो.

माणदेशी_पाऊल

ओंजळताई, तुमच्यासाठी कोड्याची गोष्ट बरी पडेल. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी सांगतात. तिघांचं एकाच मुलीवर प्रेम. एकाकडे दूरचं दाखवणारा आरसा, दुसऱ्याकडे क्षणात पोचवणारं वाहन (कुठे चटई, कुठे चपला), तिसऱ्याकडे मेलेल्याला उठवणारं औषध. परगावी असताना आरशात दिसतं, मुलगी गेली. तिघे पोचतात, औषध देतात, ती उठते. मुलगी कोणाची? सांगणारा उत्तर देत नाही. ऐकणाऱ्यांनी भांडायचं, तीच गोष्ट.

आपल्या वेताळपंचविशीतली मंदारवती हिची सख्खी बहीण. तिथेही तिघे. एक तिच्या राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेला नेतो, एक मंत्र आणून तिला उठवतो. पण आपल्याकडे विक्रम उत्तर देऊन मोकळा होतो: उठवणारा बापाच्या जागी, अस्थी नेणारा मुलाच्या जागी, राखेवर झोपला तो नवरा. तिकडे निवाडा करणारा राजाच नाही, अंगणच आहे.

कुसुमावती

माझा प्रश्न मागे घेत नाही, पण आता तो वेगळा दिसतो. एवढंच जोडते: तिघांत मुलीला कोणी विचारलं नाही. ओंजळ, सांगाल तेव्हा एखाद्या मुलीला मंदारवतीच्या बाजूने “थांब, मी तिथेच होते” म्हणू द्या.

ओंजळ

काल केलं! सोसायटीच्या मागच्या बाजूला, दिवे घालवून. सव्वीस मुलं आणि कठड्यावर मोठी माणसं. सुरुवातीला “खरी मानायची नसते” म्हणाले, मुलांनी “जपून ठेवायची असते” इतकं जोरात म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. धृवपद केलं होतं “आरशा, आरशा, काय दिसतं?” मुलगी गेली तिथे मी हात हवेत धरला आणि थांबले. फार वेळ गेला. मला रडू यायच्या बेतात होतं. मग चौथीतली एक मुलगी उठली, तिला गाणं सुचेना, म्हणून तिने शाळेतली प्रार्थनाच म्हटली. सगळ्यांनी म्हटली.

मग मुलगी कोणाची यावर जुंपली. मुलगे सगळे वाहनवाल्याच्या बाजूने. मुली औषधवाल्याच्या. एक मुलगी म्हणाली, ती कोणाचीच नाही, तिला आत्ताच जाग आलीय, जरा पाणी द्या. (कुसुमावती, मी शिकवलं नव्हतं.) कठड्यावर आमच्या विंगेतल्या आजी बसल्या होत्या, आजोबा जाऊन त्यांना दोन वर्षं झाली. त्या एकदम म्हणाल्या, “आरशावाल्याची. बाकीचे कामाला लागले ती मेल्यावर. हा परगावी गेला तरी तिला बघत होता.”

पोरं गप्प झाली आणि मग परत भांडायला लागली. वॉचमनकाकांनी दहाला शिट्टी वाजवली तेव्हा कुठे उठलो.

अबोली_टेमा

ओंजळ, तीनदा वाचलं. शनिवारी शेजारीण माहेरी चाललीय, मी बरोबर जाणार आहे. मावशीला आजींचं उत्तर सांगते. ती वाहनवाल्याच्या बाजूची असणार, मला खात्री आहे. भांडून येते.